नवऱ्याच्या नावापाशी अडलेला संगणक

पोरांनो, फोन तुमचा प्रत्येक स्पर्श टिपून ठेवतो, असं परवा तुम्हीच सांगितलंत आणि माझ्या धास्तीला हसलात. म्हणून हे आत्ता लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या पतसंस्थेत संगणक आला. मी तिथे कारकून होते. नवी खाती अर्धवट राहू लागली, तेव्हा मी मुद्दाम खोडा घालते असं व्यवस्थापकांना वाटलं. नोकरी जायची वेळ आली.

पुण्याहून संगणकवाला आला. आम्ही दाबलेली प्रत्येक कळ यंत्र गुपचूप टिपत होतं, हे तेव्हा कळलं. त्याने सगळ्या शाखांच्या नोंदी एकत्र चाळल्या. सगळीकडे बायकांचीच खाती अडली होती, तीही नवऱ्याच्या नावापाशी.

तेवढ्यात तलवाड्याची एक बाई खातं उघडायला आली. मी नवऱ्याचं नाव विचारलं.

"मी कसं घेऊ, बाई? तुमीच लिवा की, समद्या गावाला ठाव हाय."

ती नाव सांगायला शेजारणीला बोलावून आणेपर्यंत वाट पाहून पडदा आपोआप कोरा झाला.

बाजूला उभा संगणकवाला हे बघत होता; ठरावीक वेळात रकाना भरला नाही तर सगळं पुसायची अट त्याने काढून टाकली. माझी नोकरी वाचली.

"आणखी काय काय टिपता?" मी विचारलं.

तो नुसता हसला. माझा संशय अजून शाबूत आहे.