चौकटीत न मावलेला ढग

ईश्वरावर माझी निष्ठा आहे. चमत्कारांवर कधीच नव्हती. या दोहोंत अंतर आहे, हे मी पाठशाळेतील विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो. कोणी झाडाखाली काही दिसल्याचे सांगू लागला, की मी शांतपणे विषय बदलीत असे. म्हणूनच पुढील हकीकत लिहिताना लेखणी अडखळते आहे... वाचकांनी सांभाळून घ्यावे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मेहकरला, पैनगंगेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, आमची लहानशी संस्कृत पाठशाळा. मागच्या दोन खोल्यांत संसार. त्या वर्षी आषाढात माझ्या पत्नीला – जानकीला – विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना तिचे कान घेऊन गेला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "नस गेली. आशा धरू नका." तेव्हापासून मी पाटीवर लिहावे आणि तिने वाचून उत्तर द्यावे, असे आमचे संभाषण.

जानकीने कधी डोळ्यांत पाणी आणले नाही. मात्र आमची कन्या सुमन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, त्या दिवशी जानकी मला म्हणाली, "अहो, लेकरू रडलं तं मले कसं समजन? आजी जवळ बसेल हाय अन् लेकरू रडू रडू बेजार... असी कशी आजी मी?"

मी पाटी उचलली. "मी सांगेन," एवढेच लिहिले.

पाठशाळेच्या भिंतीवर, बरीच उंच, सरस्वतीची तसबीर होती. निदान आम्ही तिला सरस्वती समजत होतो. बाजारातील फ्रेमवाले हुसेनभाई यांनी ती आदल्या वर्षीच्या दसऱ्याला प्रेमाने भेट दिली होती. बदली होऊन गेलेल्या कोणा साहेबाच्या मागे राहिलेल्या सामानात त्यांना ते छापील चित्र सापडले. हातात वाद्य, पायाशी वाद्ये, दृष्टी वर लागलेली. "दुसरं कोन असन, शास्त्रीबुवा? इद्येचीच देवी हाय!" असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. हंस नाही, वीणा नाही, हात दोनच – हे मला दिसायला हवे होते. पण माझी दृष्टी मंद आणि तसबीर उंच. दसऱ्याला तिच्यापुढे पाट्या मांडून आम्ही पूजन केले. जानकी स्टुलावर चढून रोज तिला फूल वाही.

कार्तिकात सुमनला तपासण्यासाठी मिशनच्या दवाखान्यातील नर्स मार्थाबाई आल्या. निघता निघता भिंतीकडे पाहून त्या थबकल्या आणि हसू लागल्या.

"शास्त्रीबुवा, हिले हळदकुंकू कोनं लावलं? हे तं आमची सेंट सिसिलिया!"

"कोण?"

"गान्या-बजावन्याची संत. आमच्या चर्चात हिचं चित्र हाय. त्यात मस्त बसून ऑर्गन वाजवते. इथं मात्र पेटी उलटी काऊन धरली अन् खालची वाद्यं काऊन मोडली, ते मले नाही मालूम."

त्या गेल्यावर मी तसबीर उतरवून उजेडात नेली. खरेच होते. तिच्या हातातील लहानशा ऑर्गनच्या नळ्या निसटत होत्या. पायाशी तारा तुटलेले वाद्य, फाटलेला डफ. ती अन्य धर्माची संत निघाली, याचा मला विषाद वाटला नाही. मनोभावे केलेले वंदन वाया जात नाही. मला टोचले ते निराळेच. भग्न वस्तू पूजेत ठेवू नये, हा आमचा नियम. मूर्तीला तडा गेला तरी आम्ही तिचे विसर्जन करतो, आणि येथे तर वर्षभर भग्न वाद्यांनाच फुले वाहिली... त्याच वर्षात घरातले श्रवण गेले! सुमनचे दिवस भरत आले होते. मन भलतीकडे धावले. उद्या सकाळी पैनगंगेत विसर्जन करायचे, असे मी ठरविले.

पाटीवरचा मजकूर वाचून जानकी उसळली.

"तिनं काय बिघडवलं तुमचं? तुमाले फुटकंच दिसते. तिचं तोंड पाहा ना, काहीतरी ऐकून राह्यली ते! या घरात ऐकनारं कोनी तं असू द्या."

तरीही सकाळी ती माझ्या मागोमाग आली. तसबिरीचा निरोप घेण्यासाठी असावी.

ऊन चांगले वर आले होते. घाटावर लोक अनवाणी उतरतात, पाण्यात काच जाऊ नये, म्हणून मी पायरीवर बसून फ्रेमच्या मागील खिळे उपसू लागलो. ते गंजले होते. जानकी चार पायऱ्या वर उभी होती. खाली दोन स्त्रिया धुणे आपटीत होत्या. आणखी कोणी नव्हते.

"अहो, कोन गाते?"

मी मान हलविली. कोणीही गात नव्हते.

"वरून येऊन राह्यलं..." तिने मान वर केली आणि बोटांवर मोजू लागली. "एक नाही. साहा जनं हायत. एकाच पोथीत पाहून गाते मानूस, तसे."

मग एकाएकी दचकून तिने खाली पाहिले.

"अन् हे... हे धुनं आपटून राह्यल्या ना? हाव ना?"

मी तिच्याकडे पाठ केली आणि नेहमीच्या स्वरात, नदीकडे पाहत, तिचे नाव घेतले.

"हाव," ती म्हणाली.

कसाबसा शेवटचा खिळा निघाला आणि पाठीचा पुठ्ठा दूर होताच कागद आपण होऊन उलगडला. चित्राचा वरचा चार बोटे भाग मागे दुमडलेला होता. त्यावर ढग होता, आणि ढगात सहा देवदूत एकाच उघड्या ग्रंथावर वाकून गात होते. सिसिलिया त्यांचे ऐकत होती. त्यामुळेच तिच्या हातातील वाद्य सुटले होते, पायाशी बाकीची विसरली गेली होती... आम्ही तसबीर पदरात गुंडाळून घरी परत आणली.

मी तडक हुसेनभाईंकडे गेलो.

"फ्रेम तयार होती, कागद लांब," ते ओशाळून म्हणाले. "मंग दुमडला वरचा ढग. ढगात काय पाह्याचं, शास्त्रीबुवा? मले तं नुसतं धुरकट दिसलं. खुदा कसम!"

जानकी त्यांच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. आणि ते गंजलेले खिळे तोवर कोणी उपसले नव्हते, हे मी स्वतः पाहिले होते.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी घड्याळ तिच्या कानाशी धरले, मग हळूहळू दूर नेले. "नस सुजली असेल, गेली नसेल," ते म्हणाले, मग स्वतःशीच, "पण चार महिने?..." श्रवण परत येणे एक वेळ वैद्यकात बसेल. पण सहा जण? आणि एकच पोथी? प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द – ज्ञानाची ही चार प्रमाणे मी जन्मभर शिकविली. यातील कोणत्या प्रमाणाने जानकीला तो ढग कळला, हे मला आजही सांगता येत नाही. पुष्कळ विचार केला. आता तो आग्रहही सोडला आहे.

मार्गशीर्षात सुमनला कन्या झाली. बाळ दहा-बारा दिवसांचे असेल. दुपारी मी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशीच पोथी उघडून बसलो होतो. तोच जानकी विहिरीवरून, भरलेली घागर तशीच टाकून, धावत आली.

"पोर कवाची रडून राह्यली! तुमाले ऐकू येत नाही काय?"

आत पोर रडून लाल झाली होती, आणि मला खरोखरच ऐकू आले नव्हते.