वावटळ हळू चालायला शिकते

बाईंची सगळी नोकरी दारोदार टपाल वाटण्यात गेली, त्यामुळे चालायचं म्हणजे पळायचं अशीच त्यांची समजूत. ऑफिसात त्यांना वावटळ म्हणत. निवृत्त झाल्या, तरी अंगातलं वारं काही उतरलं नाही. नवरा मात्र घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने स्प्रिंग बसवणारा शांत माणूस. दोघं फिरायला निघाले, की तो कोपऱ्यावर पोचेपर्यंत बाई पुढच्या चौकात. "हिचा चेहरा मी फोटोत बघतो," तो म्हणायचा, "रस्त्यात नुसती पाठ." बाईंना ते कौतुकच वाटायचं.

अशाच एकदा त्या धडाधड जिना उतरत होत्या आणि त्यांना गाठायच्या नादात ठेंगू घसरून पडला. ठेंगू म्हणजे त्यांचा आखूड पायांचा, लांब कानांचा कुत्रा. मागचा पाय मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, एक्स-रेत हाडही जुळलेलं दिसलं. पण पठ्ठ्या पाय काही टेकवेना. तीन पायांवर टुणटुण उड्या मारायचा, आणि दमला की बाई त्याला उचलून काखोटीला मारायच्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याची मांडी चाचपली. ती निम्मी झाली होती.

"हाडाचं काम मी केलं, आता पुढचं तुमचं. पाय वापरला नाही तर मांडी अशीच वाळत जाईल, गुडघा आखडेल. मग पाय असून नसल्यासारखा. जरा चालवून दाखवा बरं."

बाई पट्टा धरून निघाल्या.

"थांबा, थांबा! काकू, मागे कुत्रा लागल्यासारख्या काय चालताय?"

"मागे कुत्राच आहे," बाई म्हणाल्या.

"पळायला त्याला तीन पाय पुरतात. तुम्ही हळू चाला. इतकं हळू, की चौथा टेकवावाच लागेल. आणि रडला तरी उचलायचं नाही."

आयुष्यभर ऊन-पाऊस न मोजलेल्या बाईंना हे काम डोंगराएवढं वाटलं. मनात आणलं तरी पाय ऐकेनात. शेवटी त्यांनी नवऱ्याच्या ढगळ सपाता घातल्या. घाई केली की सपात निघून मागे राहायची. शेजारीण म्हणाली, "गुडघे गेले वाटतं?" बाईंनी मागे राहिलेली सपात पायात सरकवली. ठेंगू मधेच बसकण मारून केविलवाणं बघायचा. "तसा बघू नकोस," त्या दटावायच्या, "मीही तुझ्याइतकीच वैतागलेय. चल, ऊठ." पण ज्याला आपण पाडलं त्याला आपणच चालवायचं, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पाऊस असो, पाहुणे असोत, सकाळ-संध्याकाळ ती मुंगीची वरात निघायचीच. बाईंची नजर त्या एका पायावरून हलायची नाही.

एका संध्याकाळी ठेंगूची नखं फरशीला घासली. मग बोटं लागली. पुढच्या पावलाला अख्खा पंजा टेकला, आणि त्याच्या पुढच्यालाही. सवयीप्रमाणे बाई लांबच्या कोपऱ्याकडे वळून ओरडल्या, "अहो! लवकर या!"

"अगं, हळू, घाबरेल तो," कानाजवळून आवाज आला. नवरा त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. "मी इथेच आहे. रोज तुझ्या शेजारीच तर चालतोय."

बाईंना एकदम रडूच आलं. "मग बोलला का नाहीत?"

"चेहरा बघत होतो," तो म्हणाला.