अंगावर पडणारा हात

अमरनाथ वारला तेव्हा कावेरीनं तिशीही ओलांडली नव्हती. केजच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. घरात सासू मल्लम्मा, धाकटा दीर रवि आणि ही दोघं. अमरनाथ जेवणानंतर एका पांढऱ्या डबीतली गोळी घ्यायचा, "ताकदीची हाय," म्हणायचा. मग कंटाळून त्यानं ती सोडली, खंगत गेला आणि टीबीनं गेला.

दवाखान्यात कावेरीचंही रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. बीडच्या एचआयव्ही उपचार केंद्रावर औषध हातात पडलं, तेव्हा ती बघतच राहिली. तशीच पांढरी डबी. म्हणजे नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. आणखी कुणाला?

केंद्रातल्या समुपदेशक प्रियदर्शनीताईंना तिनं विचारून विचारून भंडावलं. एका ताटात जेवल्यानं होतो का? टॉवेलनं? डास चावून? ताई प्रत्येक वेळी मान हलवत "नाही" म्हणाल्या. "गोळी चुकवू नका. पुष्कळ जगाल."

घरी मात्र तिचं ताट वेगळं झालं, अंथरूण मागच्या पत्र्याच्या खोलीत गेलं. तिनं नळ सोडला की मल्लम्मा तोटी घासून घ्यायची. आणि रवि मारायचा. "माझ्या भावाला खाल्लंस, आता माहेरी चालती हो!" सुरुवात चापटीनं झाली, पुढं पट्टा आला. एकदा त्यानं केसाला धरून ढकललं आणि तिचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून पडल्या पडल्या ती विचार करत राहिली. जो माणूस माझ्या तांब्याला शिवत नाही, तो मला उघड्या हातानं मारतो कसा?

ती माहेरी जाईना, म्हणून रविनंच भावकीतल्या जाणत्यांना बोलावलं. थोरले चुलत सासरे मन्मथप्पा मधोमध बसले.

"आमाला बी रोग लागंल," रवि म्हणाला. "हिला घरात ठिवता येत न्हाई."

कावेरी उंबऱ्यापाशी उभी होती. "भावजी, एक विचारू? माझ्या ताटाचं तुमाला लई भेव. मग माझे केस धरताना भेव कसं वाटत न्हाई?"

मन्मथप्पांची नजर तिच्या हाताच्या प्लास्टरवर गेली. "तू पडली म्हणून सांगितलं आमाला," ते म्हणाले, आणि रविकडं वळले. "कामून मारलं रं?"

रवि आईकडं बघू लागला. कावेरी सासूकडं वळली. "आत्या, ह्यांची औषधाची डबी बीडहून कोण आणायचं?"

मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मीच. लग्नाच्या आधीपासून. वाटलं, संसाराला लागला की नीट व्हईल."

मन्मथप्पांनी घरातच मिटवायला सांगितलं. कावेरीनं मिटवलं नाही. प्रियदर्शनीताईंना सोबत घेऊन ती घरातल्या मारहाणीची तक्रार घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं गेली. "आधी का नाही सांगितलं?" ताईंनी वाटेत विचारलं.

"तुमी रोगाचंच विचारलं," ती म्हणाली. "माराचं कुणी विचारलंच न्हाई."

बऱ्याच तारखा पडल्या. शेवटी तिच्या अंगाला हात लावायचा नाही आणि तिला घराबाहेर काढायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम झाला. चिडून रविनं वेगळं बिऱ्हाड केलं. मनगट थोडं वाकडंच राहिलं, पण कावेरी आता दुकानात बसते. काही बायका तिला बघून पुढच्या दुकानात जातात. काही भाव करायला थांबतात.

घरात आता सासू-सून दोघीच. एका दुपारी मल्लम्मा तूर निवडत होती. कावेरी समोर बसली. भांडायला नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आत्या, मी तुमची लेक असते, तर दिली असती का मला असल्या पोराला?"

मल्लम्माचा हात सुपात थांबला.

"न्हाई," ती म्हणाली.

कावेरीनं मान डोलावली. मग उठून दोघींच्या चहाचं आधण ठेवलं.