आंबा घाटात होडी वर आली

“कोयता दे! अरे कोयता दे कुणीतरी! दोर काप, नायतर होडी मोडते!”

इस्माईलभाई ट्रकच्या फाळक्यावर चढून बोंबलत होते. ट्रक त्यांचाच. आंबा घाटाचा माथा अजून दोन वळणं वर, डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला सरळ खाली कोकण... आणि ट्रकवर बांधलेली आमची होडी कण्हत होती. हो, कण्हत. अडलेल्या म्हशीसारखी. मी शब्द जपून वापरतोय.

आता आधीच सांगून टाकतो—भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचा मंडपाचा धंदा. स्मशानाच्या भिंतीला टेकून मांडव घातलेत, वडाखाली सतरंजी टाकून घोरलोय. भुतं असलीच तर ती माझ्या घोरण्याला कंटाळून गाव सोडून गेली असतील. तरी आंबा घाटातलं ते काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत आमचा डायव्हिंग क्लब होता. क्लब म्हणजे काय—एक दातांचे डॉक्टर, दोन बँकवाले, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या लिमयेबाई आणि मी. मुंबईहून आणलेले जुने सिलिंडर, थोडे मास्क आणि पायात घालायचे रबरी पंखे. ते पंखे घालून बँकवाले पुळणीवर चालायला लागले की कुत्री भुंकत मागे यायची. पण काय दिवस होते! तेव्हा आम्हाला वाटायचं, समुद्राचा तळ म्हणजे आपलंच परसू आहे.

त्या मे महिन्यात ठरलं की क्लबात आलेल्या नव्या पोरांना आधी शांत पाण्यात शिकवायचं. घाटावर, मलकापूरच्या पुढे एक तलाव होता. होडी मागायला दाजींकडे गेलो. दाजी मिऱ्याचे जुने तांडेल, उभा जन्म समुद्रावर काढलेले. मुलगे मुंबईला, बायको गेलेली. घरात ते आणि अंगणात होडी, त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली.

“एवढा दर्या दारात,” दाजी म्हणाले, “नि बुडायला डबक्यात चाललात?”

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. मला म्हणाले, “मांडववाल्या, जशी नेतोस तशी आण. एक फळी तडकली तर होडी गेली. माझ्याच्यानं आता दुसरी होणार नाय.”

“दाजी, गाठ माझी आहे,” मी म्हटलं.

ही बढाई नव्हे. रत्नागिरीत माझी गाठ सुटायचे दोनच मार्ग—मी किंवा कोयता. सहा जणांनी होडी उचलून ट्रकवर ठेवली. कण्याखाली पेंढा भरलेली पोती, दोन्ही बाजूंना जुने टायर, वरून असे दोर आवळले की बोट लावलं तर तंबोरा वाजावा. सिलिंडर आडवे, एकमेकांत चिंध्या कोंबून, वर ओलं गोणपाट—उन्हात तापायला नकोत. मागे लाल फडकं. इस्माईलभाई म्हणाले, “बापूशेठ, ट्रक उलटला तरी होडी हलायची नाय.” पाली, नाणीज, साखरपा... खरंच हलली नाही.

घाट चढता चढता भर दुपार झाली. अमावास्या होती. सरसावून बसलात ना? बसा. पण डोक्यावर ऊन असं होतं की भूतसुद्धा सावली शोधत बसलं असतं.

इस्माईलभाईंनी अचानक ब्रेक दाबला. “मागचा भार कमी झाला,” म्हणाले, “काय पडलं काय?” उतरून बघतो तर काहीच पडलं नव्हतं. उलट ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे रिकाम्या गाडीसारखे वर आले होते. दोर करकरत होते. आणि होडीच्या कडेच्या फळीतून तो कण्हण्याचा आवाज. दोर तिला खाली ओढत होते, ती वर जायला बघत होती, आणि मधल्या मध्ये फळ्या दुमडायला लागल्या होत्या.

मला फक्त दाजींचं अंगण दिसलं. रिकामं.

“कोयता नको!” मी ओरडलो. एका बाजूचा दोर तुटला असता तर ती कलंडून थेट दरीत. आणि माझी गाठ? माझीच गाठ मला सुटेना! शेवटी जॅकची टॉमी, तो लोखंडी दांडा, गाठीत घुसवली, दात लावले, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूनं तसंच केलं. (दात लावायला त्यांनी नकार दिला.) दोन्हीकडून बरोबरीनं ढील देत गेलो. कण्हणं थांबलं.

आणि होडी वर आली.

पूर्वी हा किस्सा सांगताना मी ‘हातभर’ म्हणायचो. वयोमानानुसार वीतभरावर आलोय. त्याच्या खाली मी येणार नाही.

लिमयेबाई ट्रकवर चढल्या. सकाळी सहा जणांनी ज्याच्यावर होडी टेकवली, ते पोतं त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं. मग कण्याखालून हात फिरवला, इकडून तिकडे. होडी हळूहळू डुलत होती. वारा नव्हता.

एक एसटी वर चढत गेली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं, “काय ओ, वाट चुकलात? दर्या खाली राहिला!”

आम्ही ट्रकच्या सावलीत बसून राहिलो. कुणालाच पुढे निघायचं सुचेना. बऱ्याच वेळानं बाई एकदम ओरडल्या, “बापू, पोती! पोती सारा, खाली येतेय ती!” जेमतेम पोती घातली आणि होडी अलगद टेकली. पाटे दबले. इस्माईलभाईंनी कानाला हात लावला आणि गाडी सुरू केली.

तलावात मात्र ती शहाण्यासारखी वागली. पोरं शिकली. परत येताना मी दोर सैल बांधले, आणि त्याबद्दल कुणी मला चिडवलं नाही. बाईंनी पुढे तापलेले टायर, ओल्या गोणपाटानं आखडलेले दोर, चढाचा कोन—सगळं मांडून पाहिलं. “पण बापू,” त्या म्हणायच्या, “आखडलेला दोर खाली ओढतो. वर कोण ओढत होतं?” मला काय विचारता बाई, मी मांडववाला.

क्लब केव्हाच मोडला. बँकवाल्यांच्या बदल्या झाल्या, इस्माईलभाई गेले, एका सिलिंडरची शाळेनं घंटा केली. ती वाजली की मी अजून क्षणभर थांबतो.

दाजींचं राहिलंच. होडी अंगणात उतरवल्यावर त्यांनी एकेक फळी बोटांनी चाचपली. सगळ्या शाबूत. मग मी त्यांना सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून—ट्रक अधांतरी झाल्याचंसुद्धा सांगितलं असेन. ऐकून दाजी म्हणाले,

“अमावास्या ना? दुपारी बाराची भरती असते.”