परवाचा खोल हुता

भूकंपाचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातली अर्धी मंगळवार पेठ मला एकच प्रश्न विचारायची. "सर, किती रिश्टर?" मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणजे भूकंप माझ्याच खात्यातला. पहिली काही वर्षं मी हौसेनं सांगायचो, की नुसता आकडा बघू नका, धक्का किती खोलवरून सुटला तेही बघा. खोल असेल तर वर येईतो त्याचा जोर ओसरतो. तेवढाच धक्का उथळ असला की दणका थेट पायाखाली. आपल्या घरात कुणी मुसळ आपटलं तर फळीवरचे कप हलतात, गल्लीच्या टोकाला आपटलं तर नाही, तसं. समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "व्हय की. पर रिश्टर किती?" पुढं पुढं मी कंटाळून आकडाच सांगू लागलो.

खरा जीव टांगणीला होता तो आईपायी. ती राधानगरीकडं गावात एकटी, एका म्हशीबरोबर राहायची. दगड-मातीचं घर, वर कौलांचं ओझं. आमच्याकडचे धक्के बहुतेक उथळच, आणि असल्या भिंतीचा अशा धक्क्याला भरवसा नाही. तिची खाट नेमकी भिंतीला टेकलेली. भिंत उतरवू, पत्रा घालू, नाहीतर कोल्हापूरला चल, हे सांगून सांगून मी थकलो. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "परवाचा खोल हुता. भांडी कुठं वाजली?" मी शिकवलेल्यातलं तेवढंच तिनं उचललं होतं. वर मी येणार असं कळलं की भेगा शेणामातीनं लिंपून टाकायची. ओल्या लिंपणावरून मला कळायचं, पण रागावून काय उपयोग? रात्री ती खाटेवर आणि मी खाली वाकळेवर, दोघंही जागेच. म्हातारपणी झोप कमी होते, असं मी धरून चाललो होतो.

एकदा जोराचा धक्का बसला आणि मी न कळवता सकाळच्या एसटीनं गेलो. भिंतीत बोट जाईल एवढी भेग होती आणि घरात खाट नव्हती. आई गोठ्यात धार काढत होती. गोठा म्हणजे चार मेढी आणि वर गवत. तिथंच म्हशीपासून हातभर अंतरावर खाट, उशाला तांब्या, मेढीला तिची लुगडी. हे बिऱ्हाड कालचं नव्हतं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"लई वर्सं झाली. तूच म्हणलंतास न्हवं, उथळ असला तर भिंत ऱ्हात न्हाई म्हणून."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"भ्या वाटतंय म्हणलं असतं तर कोल्हापूरला न्हेलं असतंस. म्हस कुणाच्या गळ्यात बांधू?"

"आणि मी येतो तेव्हा आत का झोपतेस?"

तिनं चरवी बाजूला ठेवली. माझ्या प्रश्नांना तीही कंटाळलेली दिसली.

"तुला शेणाच्या वासात झोप येत न्हाई. मग तू भिंतीखाली निजल्यावर मी भाईर निजू व्हय?"