स्टॉकमध्ये नसलेली साखर

आमच्या यांनी किराणा दुकान काढलं तेव्हा डाळ-तांदळाच्या आधी कॉम्प्युटर आणला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली आणि त्या पैशातून यांनी आमच्या इंद्रलोक वसाहतीतला, आमच्याच बिल्डिंगखालचा गाळा घेतला. नोकरी सगळी स्टोअर्समध्ये गेलेली, म्हणजे कंपनीच्या भांडारात. सहीची चिठ्ठी आणल्याशिवाय यांनी कुणाला साधा खिळा दिला नव्हता. "आता आपला धंदा. कुणाची चाकरी नाही, कुणाला हांजी हांजी नाही," म्हणाले. मीही भोळी, पेढे वाटून मोकळी झाले.

कॉम्प्युटर जुनाच घेतला होता, हिरव्या अक्षरांचा. पण थाट काय विचारू नका! हार घातला, कुंकू लावलं. उदबत्ती मात्र लांबूनच, राख पडेल म्हणून. प्रत्येक वस्तूला एक नंबर. नंबर दाबला की भाव आपोआप यायचा, प्रिंटर करकर करत बिल काढायचा आणि तेवढा माल साठ्यातून वजा व्हायचा. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही कौतुक वाटलं. चहापत्ती संपत आली की माझ्याआधी मशीनला कळायचं.

पुढे यांच्यातला स्टोअर्सवाला जागा झाला. माल आला की आधी मशीनमध्ये एन्ट्री, मग विक्री. आणि एन्ट्री दुपारी, जेवण झाल्यावर, शटर अर्धं ओढून. तोवर डोळ्यांसमोर साबणाचे खोके रचलेले असले तरी साबण नाही म्हणजे नाही.

"अहो, गिऱ्हाईक उभं आहे. द्या ना, एन्ट्री नंतर करा," मी म्हणायचे.

"नंतर म्हणजे कधीच नाही. असं चालत नाही."

कुठे चालत नाही? कंपनीत! समोर एका गुजराती शेठचं दुकान होतं. आमच्या मुलाच्या वयाचा असेल. तो पुडीच्या कागदावर हिशेब करायचा आणि लांबूनच "आओ भाभी" म्हणायचा. आमचं गिऱ्हाईक हळूहळू रस्ता ओलांडायला लागलं. यांनी काय करावं? कुठल्या महिन्यात किती गिऱ्हाईक घटलं, त्याचा सुंदर तक्ता छापून मला दाखवला.

दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर गाळा विकायचा, असं शेवटी ठरलं. हे ताटावर भात चिवडत बसायचे. मला यांचा राग यायचा आणि जीवही तुटायचा.

आमच्या गल्लीत उत्तन गावची एक कोळीण मावशी मासे विकायला बसायची. यांना 'शेट' म्हणणारी ती एकटीच, बाकी सगळ्यांचे हे काका. एक दिवस तिने सांगितलं, "पोरीचं लगीन हाय. सगला बाजार तुमच्याकडनंच नेईन, शेट." एवढी मोठी ऑर्डर आमच्या दुकानाने जन्मात पाहिली नव्हती. हे त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

ठरलेल्या सकाळी घाऊक व्यापाऱ्याचा माल दारात उतरला आणि मागोमाग मावशी टेम्पो घेऊन हजर. तेवढ्यात लाइट गेली. मावशी साखरेच्या गोणीवर टेकली.

"भरा शेट, टेम्पो उभा हाय."

"जरा थांबा मावशी. लाइट आली की एन्ट्री करतो. साखर अजून स्टॉकमध्ये नाही."

मावशीने खाली बघितलं, गोणी थोपटली. "न्हाय? मंग मी बसलंय कशावर?"

"अहो, मी कागदावर लिहून ठेवते सगळं," मी म्हटलं, "मग घाला तुमच्या मशीनमध्ये."

"तू मध्ये पडू नकोस!"

बऱ्याच वेळाने लाइट आली. मशीन सुरू झालं आणि म्हणालं, कालचा दिवस बंद केलेला नाही. आदल्या संध्याकाळीही लाइट गेली होती ना! आता आधी कालचा हिशेब बंद करायचा, मग आजचा दिवस उघडायचा. यांनी हे मावशीला अगदी नीट, प्रेमाने समजावून सांगितलं.

"तुमचा कालचा दिस संपंपर्यंत माझे पोरीला पोर व्हईल," मावशी म्हणाली. चिडली नाही बिचारी. पदर झटकला आणि रस्ता ओलांडला. आमच्या मशीनमध्ये 'आज' उजाडायच्या आत समोर तिचा टेम्पो भरून निघालासुद्धा.

दिवाळीनंतर गाळा विकला. उरलेला माल समोरच्या शेठने घेतला, मशीनही घेतलं. वर म्हणाला, "काका, ये मशीन आप ही चलाओ. मेरे को नहीं आता."

हे दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वेळेवर शेठच्या दुकानात कामावर! पहिला पगार देवापुढे ठेवला. तिथे यांची शिस्त कामाला आली. माल संपायच्या आधी मागवला जायचा, गोदामातली गळती थांबली, शेठ चार लोकांत काकांचं कौतुक करायचा. यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी लेखी अर्ज द्यायचे. शेठ तो वाचायचाही नाही.

एकदा मी तिथे रवा आणायला गेले. पोती नुकतीच उतरली होती.

"आत्ताच आलाय. एन्ट्री व्हायची आहे," हे मला म्हणाले, जसं काही मी कुणी परकीच.

आतून शेठ ओरडला, "काका, दे दो ना! एन्ट्री बाद में."

"हो शेठ," म्हणत हे ताडकन उठले. रवा मोजला, माझ्या पिशवीत घातला आणि पिशवी उचलून हातात दिली.

घरी येऊन मी रवा भाजायला घेतला आणि मला रडूच कोसळलं. तेच तर मी वर्षभर यांच्या कानीकपाळी ओरडत होते.