शेवटच्या खुर्चीपर्यंत

बाईंनी कुणाला कधी छान म्हटलेलं मी ऐकलं नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल होत्या आणि मी तिथे झाडलोट करायची, चहा करायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिक्षण किती ते विचारलं. मी खाली बघून चौथी म्हटलं. "चौथी ना? मग आवाज तरी चौथीचा काढ. हा बालवाडीचा आहे," असं म्हणून त्या कपाट उघडायला गेल्या.

वाचनालयाच्या फाटकाशी एक काळा फळा होता. वर पांढऱ्या रंगात 'आगामी कार्यक्रम' असं कायमचं लिहिलेलं आणि खाली खडूने महिन्याचं सगळं. लहान मुलांसाठी गोष्टी, डोळे तपासणी, कथाकथन, रांगोळी, सुट्टीतलं शिबिर. लोकांना फळा वाचायचा कंटाळा, म्हणून प्रत्येक कार्यक्रम संपला की बाई उठून पुढचे कार्यक्रम तोंडी सांगायच्या. माइक त्यांना लागत नसे. "रविवारी मुलांसाठी गोष्टी. आयांनी मुलांना सोडून निघून जावं. आया बसल्या की आयाही ऐकत नाहीत आणि मुलांनाही ऐकू देत नाहीत." "शनिवारी डोळे तपासणी. फळा दिसला नाही म्हणून आलो नाही असं सांगणाऱ्यांनी पहिला नंबर लावावा." पाहुण्यांचं भाषण संपल्यावरही लोक थांबायचे ते यासाठी. आज कुणाची सालटी निघतात ते बघायला.

कार्यक्रम चालू असताना बाई कधी पुढे बसल्या नाहीत. संडासाच्या दाराजवळची शेवटची प्लॅस्टिकची खुर्ची त्यांची. हातात वाचनालयाच्या किल्ल्यांचा जुडगा. बोलणाऱ्याचा आवाज तिथपर्यंत आला नाही की त्या किल्ल्या खुर्चीच्या हातावर आपटायच्या. निवृत्त प्रोफेसर असोत की नगरसेवकाच्या मिसेस, ठक ठक. "शेवटच्या खुर्चीला ऐकू आलं नाही."

आमच्या चिटणीसांनी एकदा आपल्या प्रवासाचं लिखाण वाचायला घेतलं होतं. नवा कुर्ता घातला होता आणि सूनबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाच-सहा पानं झाली आणि किल्ल्या वाजल्या. चिटणीसांनी विचारलं, ऐकू येत नाही का? बाई म्हणाल्या, "ऐकू येतंय. ऐकवत नाहीये." सगळा हॉल हसला, सूनबाई पण हसल्या. चिटणीसांनी कागद दुमडले आणि खाली बसले. त्या दिवशी मी त्यांना चहा नेऊन दिला, तो त्यांनी तसाच ठेवला.

बायकांनाही त्या सोडत नसत. हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांनी पुस्तकं वाटली आणि वर तोंडावर सांगितलं, की प्लॅस्टिकचा डबा असता तर तुम्ही रांग लावली असती. पुढच्या वर्षी निम्म्या बायका आल्या नाहीत. एकदा कमिटीतल्या एका मॅडमनी तक्रार केली की भाषणाच्या वेळी झाडूवाली खुर्चीवर बसते. झाडूवाली म्हणजे मी. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ती ऐकते. तुम्ही मोबाइल बघता. कुणी उभं राहायचंच असेल तर तुम्ही राहा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून लगेच मला म्हणाल्या, "तू फुगू नकोस. कपबशा तशाच पडल्यात."

सांधेदुखीने बाईंची बोटं वाकडी व्हायला लागली तेव्हा फळा लिहायचं काम त्यांनी मला दिलं. मी नको म्हणाले, कारण रस्त्यावरचे लोक मागे उभे राहून बघतात. त्यांनी खडू हातात कोंबला. लिहून झालं की वाचनालय उघडायच्या आधी मला रिकाम्या हॉलमध्ये उभी करायच्या आणि आगामी कार्यक्रम मोठ्याने म्हणायला लावायच्या. स्वतः शेवटच्या खुर्चीत. मी तोंड उघडलं की ठक ठक. पुन्हा उघडलं की पुन्हा ठक ठक. "मेलीस का?" असं एकदा तिथून विचारलं. मी मोरीत जाऊन रडले. बाई दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "रडून झालं की मोरी घासून घे, आत गेलीच आहेस तर."

घरी मी हे सांगितलं तेव्हा आमचे हे चिडले. "त्या बायेचा कित्या ऐकान घेतंस?" म्हणाले. दुसरीकडे काम बघ म्हणाले. मी बघितलं नाही. का ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही. माहेरी, सासरी, चाळीत मला 'हळू बोल' म्हणणारे पुष्कळ होते. 'मोठ्याने बोल' म्हणणारं माझ्या जन्मात हे एकच माणूस भेटलं होतं.

तरी माझा आवाज काही शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला नाही. बाईंनी मला कधी लोकांसमोर उभंही केलं नाही. "तुझं हसं झालं तर मला बघवणार नाही असं समजू नकोस," म्हणाल्या. "मला माझ्या वाचनालयाचं हसं नकोय."

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. लग्न केलेलं नव्हतं, कांजूरमार्गला भाचा होता, तो घेऊन गेला. चिटणीस त्याच्या घरी जाऊन किल्ल्या घेऊन आले. डाव्या हाताने बाईंनी त्या घट्ट धरल्या होत्या, एकेक बोट उघडावं लागलं, असं त्यांनी इथे कमिटीत हसत सांगितलं.

काही महिन्यांनी चिटणीसांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि सांगायला लागले. लिही, बाईंचा सत्कार. मी लिहिलं. पुढे लिही, आणि बाईंचं मनोगत.

मी म्हटलं, "त्यांना बोलता येत नाही."

"माहितीये मला. लिही."

मी खडू खाली ठेवला. चिटणीसांनी तो उचलला आणि स्वतः लिहिलं. अक्षरं उतरत उतरत फळ्याच्या चौकटीला टेकली. बाई असत्या तर ओल्या फडक्याने पुसून टाकलं असतं.

सत्काराला हॉल भरला होता. हळदीकुंकवाला यायचं सोडलेल्या बायकाही आल्या होत्या. भाच्याने बाईंना धरून स्टेजवर आणलं, हात असलेल्या खुर्चीत बसवलं. शाल घातली, नारळ मांडीवर ठेवला. तो घरंगळला, तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चिटणीसांनी बाईंच्या डाव्या हातात माइक दिला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "आता बाई दोन शब्द बोलतील. शेवटच्या खुर्चीला ऐकू गेलं पाहिजे हं, बाई." आणि खाली उतरून, चालत जाऊन, स्वतः त्या शेवटच्या खुर्चीत बसले.

बाईंनी तोंड उघडलं. माइकमधून नुसता घोगरा श्वास आला आणि हनुवटीवर लाळ आली. भाचा घाम पुसत बाजूला उभा होता. कुणी उठेना. मागून आवाज आला, ठक ठक. चिटणीस किल्ल्या वाजवत होते. आता चार-पाच जण उघड हसले. बाईंनी मान खाली घातली नाही. त्या शेवटच्या खुर्चीकडेच बघत होत्या आणि पुन्हा तोंड उघडत होत्या.

मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो कुणाच्या तरी मांडीवर ठेवला आणि स्टेजखाली जाऊन लोकांकडे तोंड करून उभी राहिले. मला भाषण येत नव्हतं. येत होतं ते एकच, ते म्हटलं. "आगामी कार्यक्रम."

मागे धाडकन आवाज झाला. बाईंनी माइक खुर्चीच्या हातावर आपटला होता. स्पीकरमधून तो सगळ्या हॉलभर घुमला. लोक दचकले. मला मात्र कळलं. ऐकू आलं नव्हतं.

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा धाड. समोर त्या कमिटीतल्या मॅडम तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. वळून बाईंना सांगावंसं वाटलं, निदान आज तरी सोडा. पण त्या सोडणाऱ्या नव्हत्या. मी डोळे मिटले आणि ओरडले. "आगामी कार्यक्रम! शनिवारी डोळे तपासणी. फळा दिसला नाही म्हणून आलो नाही असं सांगणाऱ्यांनी पहिला नंबर लावावा!"

हॉल हसला. ते हसणं वेगळं होतं, बाईंच्या बोलण्यावर यायचं ते. मी पुढे म्हणत गेले, रविवारच्या गोष्टी, आयांनी निघून जावं, रांगोळी, सगळं, जसं बाई म्हणायच्या तसं. माइक पुन्हा आपटला नाही. शेवटच्या खुर्चीतल्या किल्ल्याही वाजल्या नाहीत.

नंतर बाईंच्या पायात चप्पल घालायला मी खाली बसले आणि वर बघितलं. मला काहीतरी हवं होतं. बाईंनी डावा हात उचलला, पंजा जरासा इकडेतिकडे हलवला. म्हणजे बरं, कसंबसं. मग भाच्याने त्यांना रिक्षात बसवलं.

दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी मला कामावरून काढलं. मी आता दोन घरी पोळ्या करते.

परवा बाजारातून येताना वाचनालयावरून आले. फळ्यावर त्याच उतरत्या अक्षरांत लिहिलं होतं. डोळे तपासणीच्या खाली आणि रांगोळी स्पर्धेच्या वर बाईंची शोकसभा. जागा पुरली नव्हती म्हणून बाईंचं आडनाव अर्धंच होतं. मला कुणी कळवलं नव्हतं.

पिशवी खाली ठेवून मी फळा मोठ्याने वाचला. वरपासून, एकेक ओळ, बाईंचं नाव आडनावासकट पुरतं. रस्त्यावर रिक्षा, बस, खोदकामाचं मशीन सगळं चालू होतं. पलीकडच्या फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करणारा बसतो, त्याने हातातलं काम थांबवलं आणि तिथूनच विचारलं, "कोण गेलं, ताई?"